आठ डब्यांची माणसं

आमच्या गावाच्या इतिहासाचं एक पुस्तक निघालं आहे. त्याच्या पहिल्या छपाईत माझं नाव नव्हतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे मी हे कशासाठी लिहिते आहे याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. मी रागाने लिहिते आहे. बरेच दिवस झाले, पण राग शिळा झालेला नाही, आणि तो होऊ द्यायचा माझा विचारही नाही.

आमचं गाव म्हणजे इलिनॉयमधलं, नेपरव्हिलहून गाडीने तीन तास दक्षिणेला. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मधून रेल्वेचे रूळ, त्यावरून मालगाड्या जातात पण थांबत नाहीत. पाण्याची टाकी, धान्याचे उंच सायलो, दुपारपर्यंतच उघडं असणारं पोस्ट. शाळा पुढच्या गावाच्या शाळेत विलीन झाली, मुलं पिवळ्या बसने जातात. गावात शिरताना हिरव्या पाटीवर लोकसंख्या लिहिलेली आहे, तीन आकडी. त्यातली बरीचशी माणसं माझ्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात आहेत. मी तिथे फिजिओथेरपिस्ट आहे.

मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला आम्ही नेपरव्हिलला जातो. तिथल्या एक काकू दर वर्षी मला त्याच काळजीने विचारतात.

"अगं, तिकडे राहतं तरी कोण?"

"माणसं राहतात, काकू."

"तसं नव्हे गं. आपलं कोण?"

"आम्ही तिघं."

"आणि कढीपत्ता?"

"कुंडीत."

"थंडीत?"

"खिडकीत आणते."

"बाई बाई," म्हणून काकू माझ्या ताटात जास्तीची करंजी वाढतात.

मी इथे राहते कारण मला इथे नोकरी मिळाली, आणि ज्याने नोकरी दिली त्याचं ऋण मानायचं असं मला घरी शिकवलं. माझे वडील तालुक्याच्या गावी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आई सही करायला शिकली ती माझ्या कॉलेजच्या फॉर्मसाठी. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि ती घेतली ती शाळेतल्या शास्त्राच्या बाईंमुळे. त्या रविवारी घरी बोलावून शिकवायच्या, जाताना स्वतःची पुस्तकं द्यायच्या. त्यांच्या पुढच्या खोलीत काचेचं पुस्तकांचं कपाट होतं. ते पाहून माझी एक समजूत झाली, आणि ती मी विमानात बसतानाही सोबत आणली: ज्याच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे, ते माणूस सरळ असतं. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या पुस्तकं होती ती माणसं असं समजायची चूक करत नाहीत. ती चूक आमच्यासारखी माणसंच करतात.

नर्सिंग होममध्ये चालायला शिकवायचं म्हणजे पेशंटच्या कमरेला पट्टा बांधायचा, हातात वॉकर द्यायचा, पट्टा मागून धरायचा आणि कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. म्हाताऱ्या माणसाला पाय दुखतो म्हटलं की दुखतोच. त्याचं लक्ष पायावरून काढावं लागतं. म्हणून मी गोष्ट विचारते. जायला एक गोष्ट, यायला एक. तुम्ही लग्न केलं तेव्हा कुठलं चर्च होतं? वादळाने सायलो पाडला तेव्हा तुम्ही कुठे होता? नव्वदीतला माणूस गोष्ट सांगता सांगता कॉरिडॉर संपवतो आणि त्याला कळतही नाही. मला कळतं, कारण पट्टा माझ्या हातात असतो.

घरी आले की मी त्या गोष्टी वहीत लिहायची, मराठीत. दिवसभर इंग्रजीत रिपोर्ट लिहून हात आंबायचा, त्यावर तो उतारा होता. सात-आठ वर्षांत वह्या भरल्या. नवरा घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. तो म्हणायचा, "या गावाचं गॅझेटियर शेवटी एका वऱ्हाडी बाईच्या हस्ताक्षरात सापडणार."

कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी होत्या. गावात त्यांना न्हाव्याची विधवा म्हणून ओळखत. नवऱ्याचं केशकर्तनालय मुख्य रस्त्यावर होतं. त्यांची पहिली गोष्ट ऐकून मी चालायची थांबले, त्या नाही.

"मी इथेच जन्मले," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या डब्यात."

रेल्वेने रुळांची कामं करायला मेक्सिकोतून माणसं आणली होती. त्यांना राहायला मालगाडीचे जुने डबे दिले, चाकं काढून, रुळांच्या कडेला ओळीने ठेवलेले. आठ डबे. खिडक्या कापून घेतल्या, आत चूल, बाहेर पत्र्याच्या डब्यांत लाल फुलं. आजींचे वडील रूळ नीट करणाऱ्या टोळीत होते. जमीन रेल्वेची, म्हणून गावाच्या हद्दीत ती माणसं धरत नसत. शाळेत मुलं यायची, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची, दुकानात सामान घ्यायची, पण गावाची माणसं मोजली की ती त्यात नसायची. मग एका शरदात त्यांना निघून जायला सांगितलं. डबे ओढून नेले. काही जाळले. आजी तेव्हा आठ वर्षांच्या. पुढे मोठ्या झाल्यावर त्या याच गावात परत आल्या, न्हाव्याशी लग्न करून.

"लोक विसरले का मग, तुम्ही कोण ते?"

"मी न्हाव्याची बायको झाले," आजी म्हणाल्या. "पुरुष खुर्चीत मान खाली घालून बसले की कोण विचारतंय."

त्या मला डबे मोजून दाखवायच्या. कॉरिडॉरला एका बाजूला आठ खोल्या आहेत. प्रत्येक दारापाशी त्या वॉकर टेकवायच्या. पहिला डबा, सात माणसं. दुसरा, चार. तिसरा आमचा, आठ. चौथा पाच, पाचवा तीन, सहावा पाच, सातवा सहा, आठव्यात एक नवराबायको, मूल नव्हतं. चाळीस माणसं. "पुस्तक निघणार आहे ना," त्या म्हणाल्या, "त्यात आकडा लिही. नावं नाही लिहिलीस तरी चालेल. आकडा लिही."

पुस्तक खरंच निघणार होतं. गावाचा मोठा वर्धापनदिन येत होता, आणि पुस्तकाच्या कमिटीच्या प्रमुख होत्या इथल्या शाळेच्या निवृत्त शिक्षिका. गावाचं एका खोलीचं ग्रंथालय त्याच चालवायच्या. मी मनात त्यांना पहिल्या दिवसापासून बाई म्हणत आले. राग आला तरी अहोजाहो सुटत नाही, इतकं ते अंगात मुरलेलं आहे.

बाईंना माझ्या वह्यांचं कळलं तेव्हा त्या स्वतः घरी आल्या. मी पोहे केले. त्या म्हणाल्या, "तू इंग्रजीत करून दिलंस तर गावावर उपकार होतील." ज्यांनी होकार दिला होता त्या सगळ्यांच्या गोष्टी मी एक हिवाळाभर रात्री टाइप केल्या. साठेक पानं. वर माझं नाव घातलं नाही. आमच्या शाळेत भित्तीपत्रकाला लेख द्यायचो तेव्हा बाई मागतात म्हणून द्यायचा, नाव त्याच घालायच्या. डब्यांची गोष्ट मी सगळ्यात वर ठेवली.

बाईंनी पानं हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. "गोड आहेस," म्हणाल्या.

पुस्तक निघालं त्या उन्हाळ्याच्या आधीच आजी गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना सांगितलं होतं की दिलं आहे, छापतील. तसं सांगताना मला जराही शंका नव्हती.

पुस्तक पार्कमध्ये मक्याच्या कणसांबरोबर, बँडच्या गजरात वाटलं. माझी मुलगी, तेव्हा अकराची, प्रत घेऊन गवतावर बसली. शेवटच्या भागात आजचं गाव होतं: गल्लीवार, घरवार, कोण राहतं. इथे एक रीत आहे. घराला राहणाऱ्याचं नाव नसतं, आधी राहून गेलेल्याचं असतं. आम्ही विकत घेतलं ते स्टेशनमास्तरचं घर. स्टेशनमास्तर जाऊन जमाना झाला, स्टेशन पाडलं, मधे दोन कुटुंबं राहून गेली. तरी प्लंबरही फोनवर म्हणतो, "स्टेशनमास्तरकडचा नळ ना?" पुस्तकात आमच्या गल्लीत चौथ्या ओळीवर लिहिलं होतं, स्टेशनमास्तरचं घर. त्यापुढे, जिथे इतरांची नावं होती, तिथे काही नव्हतं.

"आई, वी आर नॉट इन हिअर," मुलगी म्हणाली. तिने पान उलटून मागेही पाहिलं.

मी माझी पानं शोधली. ती होती. वादळाची गोष्ट, चर्चची, बर्फात अडकलेल्या गाडीची, माझी वाक्यंच्या वाक्यं. खाली लिहिलेलं, संकलन: आणि बाईंचं नाव. डब्यांची गोष्ट नव्हती. रुळांकडेच्या जागेबद्दल एकच वाक्य होतं: ती पडीक होती, पुढे तिथे बाईंच्या वडिलांनी लाकडाची वखार काढली आणि गावाला रोजगार दिला.

सोमवारी मी ग्रंथालयात गेले. बाई पुस्तकांना शिक्के मारत होत्या.

"डब्यांचं राहिलं," मी म्हटलं. अजूनही मी राहिलं असंच म्हणत होते.

"राहिलं नाही. हा उत्सवाचा ग्रंथ आहे गं. लोकांना वाचून बरं वाटायला हवं."

"आजींना वाटलं असतं."

"त्या वयात माणसं काहीही सांगतात. तुला अनुभव आहेच."

"आणि आमचं घर?"

"आहे की. स्टेशनमास्तरचं."

"त्यात आम्ही राहतो. नऊ वर्षं."

बाईंनी शिक्का शाईवर दाबला. "हो, पण तुम्ही लोक हलता ना. पुस्तक पन्नास वर्षं राहतं."

मी "थँक यू" म्हणून बाहेर आले. का म्हटलं, याची लाज मला अजून वाटते.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना यार, मूव्ह होऊ. क्युपर्टिनोच्या ऑफिसला मला ट्रान्स्फर मिळेल."

"म्हणजे बाईंचं खरं ठरेल," मी म्हटलं.

त्याने लॅपटॉप मिटला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

जानेवारीत बाई ग्रंथालयाच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरल्या. खुबा मोडला. शस्त्रक्रिया मोठ्या गावी झाली, आणि चालायला शिकायला त्यांना आमच्याकडे आणलं. इथे दुसरं ठिकाण नाही आणि दुसरी थेरपिस्टही नाही.

"आता काय," नवरा म्हणाला, "पळवणार तिला?"

"चालवणार."

काम मी चोख केलं. हे लिहून ठेवते, कारण कुणी म्हणू नये. व्यायाम, बर्फाची पिशवी, रिपोर्ट, कशात कसूर नाही. फक्त मी त्यांना गोष्ट विचारली नाही. पुढच्या-मागच्या पेशंटला विचारायची, मोठ्याने, हसून. बाईंची पाळी आली की पट्टा बांधायची आणि गप्प. कॉरिडॉर फार लांब आहे, गप्प चाललं तर.

चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं. "मला काही विचारायचं नाही तुला?"

"नाही. मी सांगते."

पहिल्या दाराशी मी म्हटलं, "पहिला डबा. सात माणसं." दुसऱ्या दाराशी, "दुसरा. चार." त्या तिसऱ्या दाराशी थांबल्या. "हे बंद कर."

"थांबायचं असेल तर थांबू. खुर्ची आणू?"

खुर्ची नको म्हणाल्या. त्यांना घरी जायचं होतं आणि घरी जायला चालावं लागतं. हे बरोबर होतं का? नव्हतं. दुखणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कॉरिडॉरमध्ये धरून ऐकवणं हे मला कुठल्याही कॉलेजने शिकवलेलं नाही. ते मी दहा दिवस केलं, आणि संध्याकाळी घरी जाताना मला हलकं वाटायचं.

मोजणीच्या अकराव्या दिवशी सहाव्या दाराशी मी म्हटलं, "सहावा. पाच माणसं."

"सहा," बाई म्हणाल्या.

मी पट्टा घट्ट धरला. त्यांचा तोल गेला असता असं वाटलं म्हणून नव्हे, माझा.

"पाळण्यात एक होतं," त्या म्हणाल्या. आवाज शिकवण्याचा होता, चुकलेल्या उत्तरावर आपोआप येणारा. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. पुढची दोन दारं त्यांनी मान खाली घालून पार केली.

बाईंचा जन्म डबे गेल्यानंतरचा. पाळण्यातलं मूल त्यांनी पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. मी काही न विचारता त्यांना पलंगावर बसवलं, पाय वर घेतले, पांघरूण घातलं. त्याच बोलल्या, खिडकीकडे बघत. वडील तेव्हा गावाच्या बोर्डाचे, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचे, कारकून होते. लोकांना हलवायचं तेव्हा डब्यावार यादी त्यांनीच केली होती. ती घरात आहे, आणि बाईंनी ती वाचलेली आहे, पुस्तक करायच्या कितीतरी आधी.

मी रिपोर्टात लिहिलं: पेशंट दोनशे फूट चालल्या, मदत कमी लागली.

पेशंटने कामाच्या ठिकाणी सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम आहे, आणि मी नियम पाळते. नियमांच्या जोरावरच माझ्यासारखी माणसं इथवर पोचतात. यादीचं मी कुणालाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. ते बाईंनीच बोलायला हवं होतं, आणि चारचौघांत. तीन पायऱ्या एकटीने चढता आल्या त्याच दिवशी मी त्यांच्या घरी जाण्याच्या कागदावर सही केली, एक दिवसही उशीर केला नाही. मला त्या गावाच्या बोर्डाच्या सभेला स्वतःच्या पायांवर आलेल्या हव्या होत्या.

गावाच्या बोर्डाची सभा महिन्यातून एकदा, संध्याकाळी, अग्निशमन दलाच्या गाडीशेजारच्या हॉलमध्ये होते. शेवटी कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. पुस्तकाची दुसरी छपाई करायची का, हा त्या दिवशी विषय होता, म्हणून बाई आल्या होत्या, वॉकर घेऊन, पुढच्या रांगेत. बोर्डावरचे सहाही जण त्यांचे विद्यार्थी.

मी एक पान टाइप करून नेलं होतं, प्रत्येकाला एक. आठ डबे, प्रत्येकापुढे आकडा, आजींनी सांगितले तसे. सहाव्यापुढे मी पाच लिहिलं. माझ्या वहीत पाचच होतं, पण मी ते तसंच ठेवलं ते वहीसाठी नाही. ज्यांनी चाळीस वर्षं लाल पेनाने वह्या तपासल्या, त्यांना समोर चुकलेला आकडा दिला की काय होतं, ते मी कॉरिडॉरमध्ये पाहिलं होतं.

"हे पान दुसऱ्या छपाईत घालावं," मी म्हटलं. "एवढंच म्हणणं आहे."

अध्यक्ष म्हणजे सायलोचा मॅनेजर, भला माणूस, मला दर हिवाळ्यात रस्ता साफ करून देतो. त्याने पान वाचलं. "हे ऐकीव आहे ना? न्हाव्याच्या विधवेनं सांगितलेलं?"

"हो."

"मग छापायचं कसं? उद्या कुणी म्हणालं डबे सातच होते, तर?"

"ज्याला माहीत असेल त्याने दुरुस्त करावं. पहिल्यात सात. दुसऱ्यात चार." मी वाचत गेले, सावकाश, प्रत्येक आकड्यानंतर थांबत. बाईंनी पान मांडीवर उपडं ठेवलं होतं. मग त्यांनी ते सुलटं केलं. "सहाव्यात पाच," मी वाचलं, आणि थांबले.

अध्यक्ष म्हणाला, "ठीक आहे, पाच. पुढे?"

"पाच नाही," बाई म्हणाल्या.

सहाही जणांनी मान वळवली, शाळेत वळवत असतील तशी.

"मॅम?"

"सहा. पाळण्यात मूल होतं. एकूण एक्केचाळीस."

"तुम्हाला कसं माहीत, मॅम?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. मला त्यांना वाचवता आलं असतं, विषय बदलून, मिनिटं संपली म्हणून. मी उभी राहिले.

"माझ्या वडिलांच्या हातची यादी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी."

अध्यक्ष बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, "मग वखार..." आणि वाक्य सोडून दिलं. मतदान हात वर करून झालं. एक हात खाली राहिला, पण पान मंजूर झालं.

पार्किंगमध्ये बाई गाडीशी थांबल्या होत्या. "समाधान झालं?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्यांचा वॉकर मिटून डिकीत ठेवला, कारण तो त्यांना अजून एकटीने उचलायचा नव्हता.

पानाखाली काय लिहायचं यावर बोर्डाच्या क्लार्कचा दोनदा फोन आला. कमिटीतर्फे, असं मोघम लिहू का? मी नको म्हटलं. सांगणारीचं नाव आजींचं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. लिहिणारीचं माझं, आणि त्याखाली आमच्या घराचा पत्ता, स्टेशनमास्तरशिवाय. आणि बाईंच्या नावापुढे एक वाक्य: मूळ यादी इतकी वर्षं यांच्या घरी होती. क्लार्क म्हणाली, इतकी वर्षं हे शब्द लागतीलच का? मी म्हटलं, लागतील, आणि ती टाइप करेपर्यंत फोन ठेवला नाही.

आता ते पान ग्रंथालयातल्या प्रतीत, चर्चच्या प्रतीत आणि नव्या छापलेल्या प्रत्येक प्रतीत आहे. गेल्या महिन्यात चर्चमधल्या दोन बायका झुकिनीचा केक घेऊन घरी आल्या. बाई खचल्या आहेत, म्हणाल्या, वय झालं, तू मोठ्या मनाची आहेस, ते एक वाक्य तेवढं काढायला सांग. मी त्यांना आल्याचा चहा करून दिला, केकबद्दल आभार मानले आणि दारापर्यंत पोचवलं. वाक्य तसंच आहे.